चारशे मजले उतरताना

शुक्रवार, रात्री साडेनऊ, लालबाग

चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा घर मिळालं चौदाव्या मजल्यावर आणि गाडीला जागा मिळाली सहाव्या मजल्यावर. म्हणजे आम्ही लिफ्टने खाली आणि गाडी मात्र गोल गोल रॅम्पवरून. पंचेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढल्यापासून हा रॅम्प मी रोज उतरते. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, मान पुढे काढलेली आणि ओठ मिटलेले.

आज सामान ठेवायला गाडी खाली घेतली तेव्हा अण्णा शेजारी बसले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी महाड आणि पोलादपूरच्या बाजूला. रॅम्पभर ते गप्प होते. खाली गेटपाशी आल्यावर म्हणाले, "सहा मजले ब्रेकवर पाय ठेवलास. महाबळेश्वरवरून पोलादपूर म्हणजे असे चारशे मजले आहेत."

मला वाटलं, म्हातारपणीची अतिशयोक्ती. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यांनी मोबाइलवर हिशेब केला. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, पोलादपूर शंभरच्या आत. एक मजला तीन मीटरचा धरला तर चारशेच्या वरच जातात.

बेत असा होता: २६ जानेवारीची जोडून आलेली सुट्टी. पहिल्या दिवशी वाई, दुसऱ्या दिवशी महाबळेश्वर, तिसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने कोकणात उतरून घरी. हा शेवटचा घाट अण्णांचा हट्ट. "माझा घाट मला एकदा पाहू दे," एवढंच म्हणाले होते.

शनिवार, लालबाग ते वाई

पहाटे साडेपाचला पुन्हा तोच रॅम्प. अण्णा म्हणाले, "पहिला टाक. क्लच पूर्ण सोड. आता दोन्ही पाय मोकळे ठेव."

"दोन्ही?"

"दोन्ही."

गाडी चालायला शिकलेल्या पोरासारखी सावकाश उतरत गेली. काटा सात-आठच्या पुढे सरकेना. मी एकाही मजल्यावर ब्रेक लावला नाही आणि गाडी कुठेही पळाली नाही. गेली दोन वर्षं हा रॅम्प मला घाबरवत होता आणि इलाज हाताखालच्या दांड्यात होता!

दोष शिकवणीचाही आहे. मी शिकले त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा एकच मंत्र होता: "मॅडम, आधी क्लच, मग ब्रेक. नाहीतर गाडी बंद पडेल." सिग्नलला थांबताना ते चालून जातं. पण क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. गिअरचा दांडा दुसऱ्यात असो की तिसऱ्यात, पाय क्लचवर असेल तर ती गाडी न्यूट्रलच. उतारावर 'आधी क्लच' म्हणजे गाडीला आतून धरून ठेवणारा हात आपणच सोडवायचा आणि मग सगळा भार ब्रेकवर टाकायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या बाजूला त्यांचे स्वतःचे ब्रेक-क्लच होते, त्यांना काय फिकीर!

शिवडीला अटल सेतूवर चढलो. २१.८ किलोमीटर सपाट रस्ता, खाली खाडी, डावीकडे उजाडत होतं. सासूबाईंनी पुलाला नमस्कार केला. पुलावर लिहिण्यासारखं एवढंच.

द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका ओलांडला की बोरघाट सुरू होतो. आम्ही चढणीला होतो, त्यामुळे मला फक्त गिअर उतरवत जायचं होतं. खरी मजा पलीकडच्या, मुंबईकडे उतरणाऱ्या लेनमध्ये. लोखंडाच्या गुंडाळ्या, कंटेनर, टँकर, सगळे एका ओळीत. काच खाली केली तर ब्रेकचे लायनर जळल्याचा तो उग्र वास. अण्णांनी नाक वर करून हुंगला आणि गाव दिसल्यासारखे ताजेतवाने झाले.

"ऐक. फुर्र करतोय बघ एकेक. तो एक्झॉस्ट ब्रेक. आणि जो काहीच आवाज करत नाही ना, सुळकन येतो, त्याच्यापासून लांब राहायचं. त्याने गाडी फ्री सोडलेली असते."

फ्री सोडणं म्हणजे डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणं. आमच्या कार्ट्याच्या, म्हणजे चिरंजीवांच्या, भाषेत याहून मोठा गैरसमज नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, पेट्रोल असो की डिझेल, गिअरमध्ये ठेवून रेसवरचा, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा, पाय काढला की संगणक इंधनच बंद करतो. इंजिनाला चाकं फिरवत असतात, थेंबही लागत नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, त्यामुळे थोडं का होईना इंधन जळतंच. वाचवायला जावं आणि खर्च करून यावं, वर जिवाची जोखीम. आमच्या गाडीत क्षणाक्षणाचं मायलेज दाखवणारा आकडा आहे. नंतर खंबाटकीत गिअरवर उतरताना तो पार वरच्या टोकाला जाऊन बसलेला मी स्वतः पाहिला.

मग इंजिन धरतं कसं? कार्टं मागच्या सीटवरून भाषण देतच होतं. पेट्रोल इंजिनात रेस सोडली की हवेची झडप जवळजवळ मिटते. पिस्टन खाली जाताना हवा ओढायला बघतं आणि मिळत नाही. तोंड बंद केलेल्या पिचकारीचा दट्ट्या ओढून पाहा, तसं. हा दट्ट्या मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांत ओढायचा म्हणजे जोर लागतो आणि तो जोर चाकांकडून वसूल होतो. गिअर जितका खालचा तितक्या इंजिनाच्या फेऱ्या जास्त, तितकी वसुली कडक. डिझेल इंजिनात अशी झडप नसते किंवा फारशी मिटत नाही, त्यामुळे त्याची पकड त्या मानाने ढिली. म्हणून ट्रकवाल्यांना धुराड्याची वाट अडवणारा तो फुर्र ब्रेक लागतो.

याच ओघात त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. क्लेसी कमिन्स नावाचा अमेरिकन, डिझेल इंजिनं बनवणारा. १९३१ साली आपल्याच इंजिनाचा ट्रक घेऊन अमेरिका ओलांडत असताना कॅलिफोर्नियातल्या कहोन (Cajon) खिंडीत त्याचे ब्रेक गेले. खाली रेल्वेचं फाटक आणि मालगाडी जात असलेली. शेवटचा डबा गेला आणि हा थोडक्यात वाचला. ती भीती त्याने डोक्यात ठेवली आणि म्हातारपणी इंजिनालाच ब्रेक बनवणारं यंत्र शोधलं. पिस्टनने हवा दाबली की ऐन वेळी झडप उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे दाबण्याची मेहनत फुकट जाते आणि गाडी मंदावते. १९६१ पासून ते बाजारात आलं.

अण्णा म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नव्हतं. आमच्याकडे शिंग्रोबा होता." आणि जुन्या रस्त्याच्या दिशेला हात जोडले. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे, तिथे नाणं टाकल्याशिवाय अण्णांच्या पिढीतला ड्रायव्हर पुढे जात नसे. अमृतांजन पूल दाखवायला म्हणून त्यांनी बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. १८३० सालचा तो पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला.

रेल्वेचंही घाटात तेच दुखणं आहे. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ. वर जाताना मागून ढकलायला जादा इंजिनं, आणि उतरताना थांबून ब्रेक तपासल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. शिवाय जागोजागी कॅच सायडिंग. गाडी आवरली नाही तर तिला मुख्य रुळावरून बाजूला घेऊन चढावर चढवून थकवायची. डेक्कन क्वीनने लहानपणापासून जाते-येते, पण घाटात गाडी मधेच का थांबते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी समजायचे, सिग्नल नसेल.

पुण्याबाहेर नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतचा रस्ता आम्हाला चढणीचा. उलट दिशेने तोच लांबलचक, फसवा उतार. घाटासारखी वळणं नाहीत म्हणून ड्रायव्हरला घाट वाटत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इथेच एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकलं होतं, तेव्हाही न्यूट्रलची चर्चा झाली. अण्णा पलीकडे बघत राहिले, बोलले नाहीत.

आता माझी फजिती. खंबाटकी घाट साताऱ्याकडे जाताना चढून मग उतरावा लागतो. चढण बरी जमली म्हणून अंगात आलेलं. माथा ओलांडला तेव्हा मी चौथ्यात होते. काटा साठ, मग पासष्ट, मग सत्तरच्या पुढे. समोर वळण. आणि मास्तरांचा मंत्र पायात भिनलेला: आधी क्लच! क्लच दाबताक्षणी गाडीने पुढे उसळी घेतली. खरंच, मागून कुणी ढकलावं तशी.

"डावा पाय! डावा पाय काढ!" अण्णा ओरडले. एवढा आवाज मी त्यांचा लग्नात ऐकला होता, बँडवाल्यांवर.

पाय काढला, ब्रेक जोरात लावला, वेग पन्नासवर आला तेव्हा तिसरा टाकला आणि घाईत क्लच धाडकन सोडला. गाडी गचकली, सासूबाईंच्या मांडीवरचा लाडवांचा डबा पुढे आला. पण त्यानंतर गाडी धरली गेली. तिसऱ्यात पन्नास, मग दुसऱ्यात तीस. इंजिन घों घों करत होतं. नवरा मागून म्हणाला, "इंजिनाची वाट लावणार तू." अण्णा म्हणाले, "ओरडू दे. चढताना ओरडतं तेव्हा नाही कुणी विचारत."

एक गोष्ट त्यांनी तिथेच सांगितली आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. गिअर माथ्यावर ठरवायचा, उतारात नाही. वेग एकदा हाताबाहेर गेला की खालचा गिअर पडत नाही, आणि जबरदस्तीने पाडला तर इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेपलीकडे जातात किंवा चाकं घसरतात. आधी ब्रेकने वेग उतरवायचा, मग गिअर, तोही एकेक पायरीने. 'ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर' हा एसटीतला जुना नियम. पण तो त्या काळच्या दमेकरी इंजिनांचा, हेही त्यांनीच सांगितलं. आजची गाडी बोरघाट चौथ्यातही चढते, म्हणून चौथ्यात उतरायचं नसतं.

वाईत ढोल्या गणपतीला संध्याकाळी जाऊन आलो. कृष्णेच्या घाटावर बसल्यावर माझ्या डाव्या पायाची पोटरी दुखायला लागली.

रविवार, वाई ते महाबळेश्वर

पसरणी घाट चढणीचा. फक्त वळणांवर दुसरा, सरळ आला की तिसरा. खाली वाईचा परिसर आणि धोमचं पाणी, थंडीचं धुकं. पाचगणीला टेबललँडवर घोड्यांची धूळ खाल्ली, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी. या दोन्हींबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून ठेवलं आहे.

लक्षात राहिले ते हॉटेलच्या आवारात भेटलेले ठाण्याचे एक गृहस्थ. त्यांची इलेक्ट्रिक गाडी रात्रभर चार्जिंगला लावलेली होती. अण्णा तिच्याभोवती दोनदा फिरले.

"हिला गिअर नाही?"

"नाही काका. रेस सोडली की मोटरच उलटी काम करते. गाडी मंदावते आणि वीज परत बॅटरीत जाते."

अण्णा खूश. लालबागला आमच्या खालून जाणाऱ्या बेस्टच्या नव्या इलेक्ट्रिक बस असंच करतात. आपल्या नव्या लोकल तर थांबताना वीज सरळ वरच्या तारेत परत देतात. परळहून दादरला पोचताना लोकल जो एक बारीक घरंगळता सूर काढते, तो आता मला नव्याने ऐकू येईल.

"पण शंभर टक्के भरून ठेवलीय तुम्ही," आमचं कार्टं म्हणालं. "आता वीज ठेवायला जागा कुठे?"

गृहस्थ हसले. तीच गंमत आहे म्हणाले. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती मोटरने परत पाठवलेली वीज घेतच नाही किंवा नावापुरती घेते, म्हणजे मोटरची पकड मिळत नाही, आणि सुरुवातीचा उतार पूर्ण ब्रेकवर काढावा लागतो. म्हणून डोंगरावर मुक्काम असेल तर ते नव्वदच्या आसपास चार्जिंग थांबवतात. या वेळी झोप लागली. रिकामा हंडा घेऊन पाण्याला जावं तसं रिकामी जागा घेऊन उतरावं, असं सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसभरात गाडीविषयी एवढंच बोलल्या.

सोमवार, आंबेनळी

सकाळी नवरा म्हणाला, "घाट मी काढतो. वीस वर्षं चालवतोय." त्याचं तत्त्वज्ञान साधं आहे: ब्रेक स्वस्त, इंजिन महाग, म्हणून इंजिनाला त्रास द्यायचा नाही. तत्त्व अगदीच चूक नाही, ते पुढे येईल. अण्णा काही बोलले नाहीत. लेकाला शिकवायचं वय निघून गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

महाबळेश्वर सुटलं की रस्ता झाडीतून खाली घसरतो. नवरा चौथ्यात, कधी तिसऱ्यात, आणि उजवा पाय ब्रेकवर टेकवलेला. जोरात नाही, हलका, पण सतत. तेच घातक. मी मागे बसले होते, त्यामुळे अण्णांचे पाय मला दिसत होते. त्यांचा उजवा पाय रबरी मॅटवर दाबला जात होता. तिथे ब्रेक नाही, तरीही. प्रत्येक वळणाआधी, नवऱ्याच्या पायाच्या जरा आधी.

दहा-बारा किलोमीटरनंतर अण्णांनी काच खाली केली.

"वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा असेल."

"पुढे ट्रक नाहीये."

दोन वळणांनंतर नवरा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पेडल खाली चाललंय." मी पाहिलं, तो ब्रेक दोनदा-तीनदा मारत होता. दाबला की मऊ, परत मारला की थोडा वर. अण्णांचा आवाज चढला नाही. "दुसरा टाक. क्लच सोड. ब्रेक मारत राहा, हँडब्रेकवर हात ठेव, एकदम ओढू नको. इंजिन बंद करायचं नाही." इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारी शोषशक्ती जाते, दोन-तीनदा दाबेपर्यंत ती पुरते, मग पेडल दगड होतं. आणि स्टिअरिंगही जड पडतं. गाडी दुसऱ्यात घोंघावत मंदावली. कुंभरोशीला, प्रतापगडाच्या पायथ्याशी, एका हॉटेलसमोर बाजूला लागली.

पुढच्या चाकांतून धूर नव्हता, पण जाळीतून हात लांबूनच भाजत होता. नवरा पाण्याची बाटली घेऊन उतरला. अण्णांनी त्याचा हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होते, तडाही जाऊ शकतो. "तिला वाऱ्यावर राहू दे. आपण पिठलं-भाकरी खाऊ."

चाळीस मिनिटं थांबलो. तेवढ्यात कार्ट्याने बिलाच्या मागे गणित मांडलं. गाडी आणि आम्ही पाच जण मिळून साधारण १,२०० किलो. उतरायचे १,२५० मीटर. एवढ्या उंचीवरून जी ऊर्जा सुटते ती वीजबिलाच्या भाषेत ४ युनिट. त्या उष्णतेने नळाचं ४५ लिटर पाणी उकळेल. म्हणजे मोठे तीन हंडे. चाळीस किलोमीटरच्या रस्त्यात त्यातला जवळजवळ निम्मा भाग टायर आणि वारा खातात, असा त्याचा अंदाज. उरलेले दीड हंडे उकळते पाणी कुठेतरी जायलाच हवं. इंजिनाकडे गेलं तर त्याच्याकडे रेडिएटर आहे, पंखा आहे, उष्णता घालवण्यासाठीच सगळा संसार मांडलेला आहे. ब्रेककडे गेलं तर थाळीएवढ्या लोखंडी चकत्या आणि मूठभर मसाल्याचे पॅड.

"आणि पेडल खाली का गेलं?" मी विचारलं.

ब्रेक ऑइलमुळे. पॅड तापून गुळगुळीत झाले तर पेडल कडक राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल मऊ होणं म्हणजे ऑइल उकळलं. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ते पायाचा जोर चाकापर्यंत नेतं. वाफ मात्र फुग्यासारखी दबते. डॉट ३ या प्रतीचं ताजं ऑइल दोनशे अंशांच्या वर, २०५ ला उकळतं. पण ते हवेतलं पाणी पित राहतं, आणि पुरेसं प्यालं की तोच आकडा १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चं २३० आणि १५५. मुंबईच्या दमट हवेत उभी असलेली गाडी काय पीत असेल ते सांगायला नको. दोन वर्षांनी बदलायचं असतं.

"आपण कधी बदललं?" सासूबाईंनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

पेडल परत वर आलं, घट्ट झालं. नवऱ्याने किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी अण्णांकडे पाहिलं. ते हात धुवायला निघाले होते.

खरा आंबेनळी घाट इथून पुढे. सुरुवातीलाच, अजून सपाट असताना, दुसरा टाकला. डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला सपाट ठेवला. तो पाय सारखा उठायचा, सवयीने. मी अक्षरशः त्याच्याशी बोलत होते. दुसऱ्यात गाडी पंचवीस-तीसला धरून राहायची. उतार तीव्र झाला की हळूहळू चाळीसकडे सरकायची. मग ब्रेक, पण टेकवलेला नाही: एकदा नीट दाबायचा, वेग पंचविसावर आणायचा आणि पाय पूर्ण सोडायचा. त्या सोडलेल्या वेळात चकत्या निवतात. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दोन कडक वळणांना पहिला टाकला. वरून येणारी पोरं हॉर्न मारत ओलांडून गेली. जाऊ देत.

एका अरुंद जागी खालून लाल बस आली. चढणाऱ्या गाडीला वाट आधी, म्हणून मी डोंगराच्या कडेला थांबले. ड्रायव्हरने खिडकीतून हात केला. अण्णांनी परत केला, ओळखीचा असल्यासारखा.

मागे एक गाडी फार चिकटून येत होती. गिअरवर गाडी मंदावते तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही, मागच्याला कळतच नाही. अण्णांनी सुचवलं, ब्रेकवर नुसतं बोट टेकवल्यासारखा पाय लाव, दिवा लागण्यापुरता. दोन-तीनदा केलं, ती गाडी मागे राहिली.

मधे एका वळणावर अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. २०१८ च्या जुलैत दापोलीहून महाबळेश्वरला निघालेली बस याच घाटात दरीत गेली होती. तीस माणसं गेली, एक जण वाचला. ते उतरले नाहीत. मिनिटभर खाली पाहिलं, मग म्हणाले, "चल."

त्यानंतर बोलले ते बरंच खाली आल्यावर, कोकणातली गरम हवा लागल्यावर. सत्तर-ऐंशीच्या दशकातली बस, जुने ब्रेक, पन्नास-साठ माणसं, टपावर आंब्याच्या पेट्या. माथ्यावर उभं राहून आधी ब्रेक मारून बघायचा, मग गिअर, मग गणपतीचं नाव. पावसात गिअरही जपून सोडायचा, कारण चिखलात मागची चाकं धरली की बस आडवी. "ब्रेक हा शेवटचा पैसा," ते म्हणाले. "बाजाराच्या सुरुवातीला खर्च करायचा नाही."

पोलादपूरला पोचलो तेव्हा मी पाहिलं, त्यांचा उजवा पाय मांडी घातल्यासारखा सीटवर घेतलेला होता. कधी घेतला, मला कळलं नाही.

महाड, माणगाव, वडखळ, पेण. माणगावला तासभर अडकलो. रात्री दहाला लालबाग.

मंगळवार, गॅरेज

शिवडीच्या मिस्त्रींनी झाकण उघडलं. ब्रेक ऑइल चहासारखं काळं. पुढचे पॅड आरशासारखे चकचकीत. "ताई, कुठे घाट मारून आलात?" नवरा दुसरीकडे बघू लागला. ऑइल बदललं, पॅड बदलले, मजुरीसकट अडीच हजारांच्या आसपास गेले.

मी उत्साहाने सांगितलं की आता मी सगळीकडे गिअरवरच गाडी मंदावणार, परळच्या सिग्नललासुद्धा. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "तसलं काही करू नका. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, सिग्नलमागून सिग्नल, दिवसाला दोनशे वेळा क्लच. आणि तुम्ही लोक घाईत क्लच अर्धवट सोडता, तो प्लेट खातो. पॅडला लागतात हजार-दोन हजार. क्लच प्लेटला गाडीचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दहा हजार धरून चाला. शहरात थांबायचंय तर ब्रेक मारा ना. त्यासाठीच दिलाय."

म्हणजे नवऱ्याचं 'ब्रेक स्वस्त' शिवडीपासून दादरपर्यंत बरोबर आहे. महाबळेश्वरला नाही. अण्णाही मिस्त्रींच्या बाजूने. रेस सोडून त्याच गिअरमध्ये येऊ द्यावं, जवळ आलं की ब्रेक, अगदी थांबताना क्लच. मास्तरांच्या मंत्रातला क्रम उलटा करायचा, बस.

संध्याकाळी अण्णांना दवाखान्यात न्यायचं होतं. पहिला टाकला, क्लच सोडला आणि सहा मजले गोल गोल, दोन्ही पाय मोकळे. गेटपाशी थांबले तर मागून अकराव्या मजल्यावरचे शेजारी उतरून घाईघाईने काचेपाशी आले.

"वहिनी, तुमचे मागचे दिवे गेलेत वाटतं. सहा मजले तुमच्या मागे आहे, ब्रेक लाइट एकदाही लागला नाही. बल्ब बदलून घ्या."

मी काही म्हणायच्या आत अण्णांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "हो, घेतो उद्या बदलून."